संदेश, ठेका आणि मुखवटा : ‘मॅडव्हिलनी’च्या निमित्ताने

१

हिप-हॉपविषयक समीक्षेत ‘संदेश’ हा शब्द जितक्या सहजतेने वापरला जातो, तितक्या काळजीने तो तपासला जात नाही. एखादा अल्बम थोर का, तर तो कृष्णवर्णीय वस्त्यांतील दारिद्र्य, पोलिसी दडपशाही आणि वंशद्वेष यांविषयी काही सांगतो म्हणून. आणि एखादा गौण का, तर त्याला ‘सांगण्यासारखे काही नाही’ म्हणून. हा निकष मान्य केला, की ठेक्यासाठी आणि शब्दखेळासाठी अल्बम ऐकणारा श्रोता आपोआपच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. त्याचा आस्वाद उथळ आहे, तो रचनेचे कवच चाटतो आणि गाभा टाकून देतो, असे मानले जाते. हा आरोप कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी डॅनिएल डूमिले ऊर्फ एमएफ डूम हा रॅपर आणि ओटिस जॅक्सन ऊर्फ मॅडलिब हा संगीतनिर्माता यांनी ‘मॅडव्हिलन’ या जोडनावाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मॅडव्हिलनी’ हा अल्बम विशेष उपयोगी आहे. सुमारे सेहेचाळीस मिनिटांत बावीस तुकडे, जवळजवळ कोठेही ध्रुपद नाही, सलग कथानक नाही, आणि ‘याचा संदेश काय’ या प्रश्नाला एका वाक्यात देता येईल असे उत्तरही नाही. तरीही या कलाप्रकारातील श्रेष्ठ कृतींत त्याची गणना होते.

प्रथम इतिहासक्रम लक्षात घ्यावा लागतो. हिप-हॉपचा जन्म संदेशातून झालेला नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्कने भरवलेल्या नृत्यमेळाव्यापासून त्याचा आरंभ मोजण्याची प्रथा आहे. हर्कचे वैशिष्ट्य हे, की गाण्यातील ज्या थोड्या क्षणांत गायन थांबते आणि केवळ तालवाद्ये उरतात, तेवढाच तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने तो लांबवीत असे. म्हणजे शब्द जेथे संपतात त्या जागेचा विस्तार करणे ही या कलेची मूळ कृती आहे. त्या विस्तारलेल्या ठेक्यावर निवेदकाची यमकबद्ध बडबड आली. तिचे काम नाचणाऱ्यांना चेतवणे एवढेच होते. १९७९ मध्ये ‘शुगरहिल गँग’ची तबकडी लोकप्रिय झाली तीही याच स्वरूपाची. सामाजिक वास्तवाचे कठोर चित्रण करणारी ‘द मेसेज’ ही रचना १९८२ मधली. ती ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’ या गटाच्या नावावर असली, तरी तिच्यातील आवाज मुख्यतः मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांचे आहेत. या एका रचनेच्या शीर्षकाने पुढच्या समीक्षेला तिचा लाडका शब्द पुरवला. ‘संदेश’ हा हिप-हॉपचा आत्मा नव्हे. तो त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा, परंतु नंतर घडलेला टप्पा होय.

२

मराठी समीक्षेला ही अडचण नवीन नाही. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या फडके-खांडेकर वादापासून आशय आणि रूप यांचे द्वैत तिच्या पाठीस लागलेले आहे. त्याहून जुना दाखला संस्कृत काव्यशास्त्राचा. मम्मटाने काव्याची प्रतवारी लावताना व्यंग्यार्थाला सर्वोच्च स्थान दिले आणि केवळ शब्दांच्या वा अर्थांच्या चमत्कृतीवर उभ्या असलेल्या ‘चित्रकाव्या’ला ‘अवर’ ठरवले. यमकासाठी ऐकणारा श्रोता या हिशेबात शब्दचित्राचा भोक्ता, म्हणून तळाच्या पायरीवरचा. परंतु याच परंपरेत दुसरे मतही आहे. कुंतकाने काव्यगत वक्रतेचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत पहिला मान वर्णविन्यासवक्रतेला, म्हणजे वर्णांच्या मांडणीतून सिद्ध होणाऱ्या वैचित्र्याला दिला. त्याची अट एवढीच, की ही मांडणी ओढूनताणून केलेली नसावी. कुंतकाच्या दृष्टीने वर्णांची आवृत्ती ही वाक्य, प्रकरण आणि प्रबंध यांच्या वक्रतेपर्यंत चढत जाणाऱ्या एकाच व्यापाराची पहिली पायरी आहे. ती त्या व्यापाराबाहेरचा दागिना नव्हे. निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांचे यमक पिढ्यान्‌पिढ्या कानांनी चाखणारा मराठी वाचकही रामकथा विसरून ते चाखत नव्हता. कथा परिचित असल्यामुळेच भाषेच्या करामतीकडे त्याचे लक्ष मोकळेपणाने जाऊ शकत होते.

आधुनिक भाषाविज्ञानाने या वादात एक उपयुक्त विपर्यास आणला. रोमान याकोब्सनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेच्या सहा कार्यांची मांडणी केली. त्यांतील काव्यात्म कार्याचे लक्षण सांगताना, उक्तीचा रोख जेव्हा संदेशावरच असतो तेव्हा ते कार्य प्रबळ होते, असे त्याने प्रतिपादन केले. येथे ‘संदेश’ म्हणजे तात्पर्य नव्हे. बाहेरील जगाकडे बोट दाखवणे हे याकोब्सनच्या योजनेत निर्देशात्मक कार्य आहे. ‘संदेश’ म्हणजे प्रत्यक्ष उच्चारलेली, विशिष्ट ध्वनींनी आणि विशिष्ट क्रमाने घडलेली उक्ती. या अर्थाने पाहता ठेक्यात आणि शब्दखेळात रमलेला श्रोताच संदेशाकडे लक्ष देत असतो, आणि तात्पर्य काढून उक्ती फेकून देणारा समीक्षक संदेशाकडे दुर्लक्ष करीत असतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांची सरमिसळ झाल्यामुळे आरोपीची आणि फिर्यादीची जागा बदलली आहे.

कृष्णवर्णीय वाङ्मयपरंपरेच्या अभ्यासकांनी हाच मुद्दा स्वतंत्रपणे, त्या परंपरेच्या आतून मांडला आहे. हेन्री लुई गेट्स यांनी ‘द सिग्निफाइंग मंकी’ (१९८८) या ग्रंथात असे दाखवून दिले, की आफ्रिकी-अमेरिकी बोलीतील वक्रोक्तीच्या, टोमण्यांच्या आणि शब्दद्वंद्वाच्या प्रथांत चिन्हिताहून चिन्हकाला अधिक महत्त्व असते: काय म्हटले यापेक्षा पूर्वीच्या उक्तीला कसे वळवून म्हटले यात वक्त्याचे कौशल्य असते. ट्रिशा रोज यांनी ‘ब्लॅक नॉइज’ (१९९४) मध्ये प्रवाह, थर आणि भंग ही हिप-हॉपच्या शैलीची तीन तत्त्वे मानली आणि ती संगीत, नृत्य व भित्तिचित्रे या तिन्हींत शोधली. या दोन्ही मांडण्यांत शब्दखेळ हा आशयाचा वेष नाही. तो एका समूहाने दीर्घ काळ जोपासलेला विचार करण्याचा मार्ग आहे.

३

‘मॅडव्हिलनी’तील ठेक्याचे स्वरूप मराठी वाचकाला तबलावादनाच्या दृष्टान्ताने चटकन कळेल. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा पेटी एकच छोटी सुरावट, म्हणजे लेहरा, पुनःपुन्हा वाजवीत राहते; तिच्या स्थिरतेमुळेच तबलावादकाची लयकारी उठून दिसते. मॅडलिबने जुन्या तबकड्यांतून उचललेले ध्वनितुकडे हेच काम करतात. ‘अकॉर्डियन’ या रचनेत डेडलसच्या २००२ मधील ध्वनिमुद्रणातून घेतलेली त्या वाद्याची काही स्वरांची आवर्तने चालू राहतात. तिच्यात चढउतार नाही, कळस नाही. सगळे नाट्य डूमच्या उच्चारात घडते. त्याचे यमक अंत्याक्षरापुरते मर्यादित नसते. तीन-चार अवयवांचा स्वरक्रम एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरतो, मध्येच तुटतो, आणि अपेक्षित जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे येऊन पडतो. समेवर थेट येण्याऐवजी तिच्या आधी वा नंतर येऊन श्रोत्याला क्षणभर अधांतरी ठेवणारे अतीत-अनागत यांची आठवण यामुळे व्हावी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या उपपत्तीत जी लयतत्त्वे सांगितली, त्या संवाद, विरोध आणि समतोल यांपैकी येथे विरोध सर्वाधिक कार्यरत आहे. श्रोत्याचा कान ज्या शब्दाची वाट पाहत असतो, त्याच्या जागी अनेकदा दुसराच शब्द येतो आणि न उच्चारलेला शब्दही ऐकू येतो.

मात्र तबल्याचा दृष्टान्त येथेच थांबवावा लागतो. तबल्याच्या बोलांना कोशगत अर्थ नसतो; रॅपमधील शब्दांना असतो. म्हणून यमकाने दोन शब्द जवळ आणले, की त्यांचे अर्थही एकमेकांवर आदळतात. डूमच्या रचनेत खाद्यपदार्थ, दूरचित्रवाणीवरील जुन्या मालिका, चित्रकथांतील खलपुरुष, रस्त्यावरची शिवीगाळ आणि जड ग्रांथिक शब्द हे सारे शेजारी बसतात ते केवळ ध्वनिसाम्याच्या बळावर. नित्याच्या व्यवहारात ज्यांची कधी गाठ पडणार नाही अशा भाषिक स्तरांना यमक एका पंक्तीत जेवायला बसवते. ही घटना निव्वळ ध्वनीची नाही आणि निव्वळ अर्थाचीही नाही. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाला काव्य म्हटले, त्या सहितत्वाचा हा विनोदी, परंतु चोख आविष्कार आहे.

हा खेळ लिपीपर्यंत पोचतो. ‘ऑल कॅप्स’ या रचनेत आपले नाव लिहिताना सर्व अक्षरे मोठ्या आकाराची घ्यावीत अशी सूचना आहे. उच्चारात या मागणीला काहीच स्थान नाही. मोठी आणि लहान अक्षरे सारखीच ऐकू येतात. देवनागरीत तर तो भेदच नसल्यामुळे ही आज्ञा पाळताही येत नाही आणि मोडताही येत नाही. श्राव्य कलेत लेख्य रूपाचा आग्रह धरणारी ही थट्टा नाममुद्रेच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. संतकवीची नाममुद्रा उक्तीला तिच्या कर्त्याशी बांधते. डूम स्वतःविषयी वारंवार तृतीय पुरुषात बोलतो. त्याची नाममुद्रा कर्त्याला उक्तीपासून सोडवते. ‘फॅन्सी क्लाउन’ या रचनेत तर डूमिले ‘व्हिक्टर व्हॉन’ या आपल्याच दुसऱ्या रूपाच्या तोंडून, प्रेयसीने डूमसाठी आपल्याला सोडले म्हणून थयथयाट करतो. वंचित आणि वंचक एकच. येथे ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रथम कवी कोण हे ठरवावे लागते.

या अल्बमच्या निर्मितिप्रक्रियेतील एक घटनाही बोलकी आहे. अपुऱ्या अवस्थेतील ध्वनिमुद्रण प्रसिद्धीच्या वर्षभराहून अधिक आधीच बाहेर फुटले. त्यानंतर डूमने आपला आवाज पुन्हा मुद्रित केला, आणि आधीच्या उत्साही उच्चाराच्या जागी खालच्या पट्टीतला, संथ, काहीसा आळसावलेला उच्चार आणला. शब्दांचा मोठा भाग तोच राहिला. तात्पर्य हेच सर्वस्व असते, तर दोन्ही मुद्रणे समान ठरली असती. प्रत्यक्षात दुसऱ्या मुद्रणात बढाई मारणारा तरुण नाहीसा होतो आणि जगाचे सगळे पाहून झालेला एक मिश्कील खलपुरुष बोलू लागतो. आशयातील हा बदल केवळ स्वराच्या पातळीवर घडलेला आहे.

४

‘मॅडव्हिलनी’तील मौनाला एक चरित्रात्मक पूर्वपीठिका आहे. डूमिलेची सुरुवात संदेशापासूनच झाली होती. ‘झेव्ह लव्ह एक्स’ या नावाने, धाकटा भाऊ सबरॉक याच्यासह, तो केएमडी या गटात होता. गटाच्या पहिल्या अल्बममध्ये (१९९१) गोऱ्या समाजाने रंगवलेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या ठोकळेबाज प्रतिमेची कोवळी, हसरी चेष्टा होती. १९९३ मध्ये सबरॉक मोटारीच्या धडकेने मरण पावला. दुसरा अल्बम तयार असताना, त्याच्या मुखपृष्ठावर ‘सॅम्बो’ या अपमानकारक व्यंगप्रतिमेला फासावर लटकवलेले दाखवले असल्यामुळे वाद उठला, आणि १९९४ मध्ये ध्वनिमुद्रण कंपनीने अल्बमही रोखला आणि गटालाही सोडून दिले. ज्या प्रतिमेचा वध चित्रात होता, तिचाच पुरस्कार त्यात आहे असे वाचले गेले. काही वर्षांच्या अज्ञातवासानंतर डूमिले चेहरा झाकूनच रंगमंचावर परतला, पुढे चित्रकथेतील खलनायकाचा धातूचा मुखवटा त्याने कायमचा स्वीकारला, आणि १९९९ मध्ये नव्या नावाचा पहिला अल्बम आला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो निवर्तला. ही वार्ताही जगाला दोन महिन्यांनी कळली.

या क्रमाकडे पाहता शब्दखेळाकडे वळणे ही अर्थापासूनची पळवाट वाटत नाही. ज्याच्या संदेशाचे शब्दशः, म्हणजे चुकीचे, वाचन झाले, त्या कलावंताने शब्दशः वाचता येणार नाही अशी भाषा घडवली. मुखवटा चेहरा लपवतो तसा तो श्रोत्याचे लक्ष चेहऱ्यावरून उच्चारावर आणतो. दुःखाचा साक्षीदार म्हणून नव्हे, तर भाषेचा कारागीर म्हणून मला ऐका, अशी ही मागणी आहे.

शब्दशः वाचनाचा धोका काल्पनिक नाही. १९९० मध्ये फ्लॉरिडातील न्यायालयात ‘टू लाइव्ह क्रू’ या गटावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा गेट्स यांनी साक्ष देताना त्या रचनांकडे विडंबनाच्या आणि अतिशयोक्तीच्या बोलीपरंपरेतून पाहावे, असे प्रतिपादन केले. आरोपी निर्दोष सुटले. त्या रचनांतील स्त्रीद्वेष या बचावाने पुसला गेला नाही, आणि तो प्रश्न कृष्णवर्णीय स्त्री-अभ्यासकांनी लगेचच उपस्थित केला. पुढील दशकांत फौजदारी खटल्यांत रॅपमधील ओळी गुन्ह्याचा कबुलीजबाब असल्याप्रमाणे सादर होत राहिल्या. अखेर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला अशा वापरावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. सरकारी वकील आणि संदेशवादी समीक्षक यांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. एकाला शिक्षा हवी असते, दुसऱ्याला गौरव करायचा असतो. परंतु कृष्णवर्णीय रॅपरचे शब्द ही कल्पित रचना नसून थेट जबानी आहे, हे गृहीतक दोघांचेही आहे. कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य न मागता मिळते ते या कलावंताला मागावे लागते. त्याच्या यमकाला दाद देणे म्हणजे ते स्वातंत्र्य मान्य करणे होय.

५

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो मराठी समीक्षेतूनच अधिक धारदारपणे येतो. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात, आनंद हे साहित्याचे प्रयोजन मानणारे सौंदर्यशास्त्र वेदनेच्या आणि विद्रोहाच्या साहित्याला अपुरे आहे, असे बजावले. अत्याचाराच्या कथेने वाचक अस्वस्थ व्हावा. तो आनंदित होत असेल तर त्या आनंदाची चौकशी झाली पाहिजे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आक्षेप हिप-हॉपला लावणे अस्थानी ठरत नाही. सुरक्षित अंतरावर बसलेल्या श्रोत्याने एका पीडित समूहाच्या भाषेतील चमत्कृती तेवढी उचलावी, हे त्या समूहाच्या संगीताच्या लुटीच्या दीर्घ इतिहासाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

या आक्षेपाची कसोटी ‘मॅडव्हिलनी’तच, ‘अमेरिकाज मोस्ट ब्लंटेड’ या रचनेत सापडते. वरवर पाहता ती गांजाच्या नशेची थट्टेखोर स्तुती आहे. तिच्यात स्टीव्ह राइश या संगीतकाराच्या ‘कम आउट’ (१९६६) या कृतीचा तुकडा वापरलेला आहे. ‘कम आउट’मधील आवाज डॅनिएल हॅम या हार्लेममधील कृष्णवर्णीय तरुणाचा. १९६४ मध्ये पोलिसांनी त्याला मारहाण केली. रक्त वाहताना दिसल्याखेरीज रुग्णालयात नेत नाहीत म्हणून आपली सुजलेली जखम स्वतः दाबून रक्त बाहेर काढावे लागले, असे त्याने सांगितले. त्या जबानीतील काही शब्द राइशने दोन ध्वनिफितींवर एकाच वेळी फिरवले. फिती हळूहळू एकमेकींच्या पुढेमागे सरकतात, शब्द विरत जातात आणि शेवटी केवळ स्पंदन उरते. ही कृती हॅम आणि त्याचे साथीदार यांच्या फेरसुनावणीसाठी निधी उभारण्याच्या कार्यक्रमात सादर झाली होती. म्हणजे जबानीचे नाद होणे आणि त्या जबानीच्या बाजूने उभे राहणे, ही दोन्ही कामे तिने एकत्र केली. अडतीस वर्षांनी तोच आवाज एका चेष्टेच्या गाण्यात येतो.

हे विटंबन आहे काय? श्रोत्याला तुकड्याचे मूळ ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठी तो एक चमत्कारिक पोत आहे. ठाऊक असेल, तर नशेच्या हास्याखाली एक जखम उघडी असल्याचे त्याला जाणवते आणि थट्टेचा रंग पालटतो. परंतु महत्त्वाचे हे, की या जखमेपर्यंत पोचण्याचा मार्ग तात्पर्यातून जात नाही. गाण्याच्या शब्दांचा सारांश काढणाऱ्याला हॅम कधीच भेटणार नाही. तो भेटेल तो ठेक्यात कोणते आवाज गुंफले आहेत, ते कोठून आले, हे कान देऊन शोधणाऱ्याला. ध्वनीच्या आस्वादाला चिकाटी लाभली, की तो आस्वादच इतिहासाकडे नेतो. लिंबाळे यांचा आक्षेप अर्ध्यावर थांबणाऱ्या आनंदाला लागू पडतो. रूपाकडे पाहणाऱ्या प्रत्येक आनंदाला नव्हे.

उलट बाजूने, जेथे संदेश उघड आहे तेथेही हीच गोष्ट आढळते. ‘पब्लिक एनिमी’च्या १९८८ मधील ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक’ या अल्बमची राजकीय भूमिका स्पष्ट आहे. परंतु ‘बॉम्ब स्क्वॉड’ या निर्मात्यांच्या चमूने जेम्स ब्राऊनच्या साथीदारांच्या तबकडीतून घेतलेली सॅक्सोफोनची किंकाळी रचनाभर फिरवत ठेवली, तिच्याशिवाय ती भूमिका सभेतल्या भाषणाहून वेगळी ठरली नसती. केवळ संदेशावर भिस्त ठेवणाऱ्यांची पंचाईत पुढच्याच वर्षी झाली. गटातील एका सदस्याची ज्यूविरोधी विधाने प्रसिद्ध झाली आणि मुक्तीचा उद्‌गार स्वतःच द्वेषाने डागाळला. संदेश हाच निकष असेल तर कृती एक तर पूर्ण स्वीकारावी लागते किंवा पूर्ण टाकावी लागते. तिच्याशी भांडत, तरीही तिची थोरवी मान्य करीत ऐकण्याची सोय त्या निकषात नाही.

६

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असतात, आणि कोणताही एक ध्रुव पुसून टाकता येत नाही, असे मत मांडले. हिप-हॉपच्या संदर्भात ही द्विध्रुवता विशेष तीव्र आहे. कारण या कलेचे साहित्य लौकिक जगातून ओरबाडून आणलेले असते आणि तिची कसोटी मात्र यमकाच्या व लयीच्या अंतर्गत न्यायाने होते. ‘मॅडव्हिलनी’त ‘स्ट्रेंज वेज’ ही एकच रचना पोलीस, अमली पदार्थ विकणारे आणि युद्धात मरणारी माणसे यांविषयी जवळजवळ सरळ बोलते. संपूर्ण अल्बमभर वाकड्या बोलण्याची सवय झालेल्या कानाला ते सरळपण टोचते. तेवढ्यापुरता मुखवटा जरासा सरकल्याचा भास होतो. हा परिणाम ज्याने आधीचे शब्दखेळ केवळ ‘संदेश नसलेले’ म्हणून ओलांडले, त्याच्या वाट्याला येत नाही.

म्हणून ठेका आणि शब्दखेळ यांसाठी अल्बम ऐकणे हा आस्वादाचा खालचा मजला नव्हे. ते त्याचे प्रवेशद्वार आहे. दारातच थबकणाऱ्या श्रोत्याला दोष द्यावा. परंतु भिंत फोडून थेट गाभाऱ्यात शिरू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा त्याने स्वतः बरोबर आणलेलेच तात्पर्य लागते.